वाचकांचे प्रश्न : उतरलेली बॅटरी, जंप स्टार्टर आणि पॉवर बँक

गेल्या अंकात गणपतीसाठी गावी जाताना गाडीची तयारी कशी करावी, हे लिहिताना जंप स्टार्टरचा ओझरता उल्लेख केला होता. उतरलेल्या बॅटरीची गाडी सुरू करून देणारे आणि एरवी मोबाइलही चार्ज करणारे हे हातभर वायरीचे, विटेपेक्षा लहान उपकरण आहे. त्या उल्लेखावर रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतली सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मुलगा ठाण्यास नोकरीला आहे आणि त्याची पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आमच्या खळ्यात उभी असते. तो दीड-दोन महिन्यांनी येतो, तेव्हा गाडी हमखास सुरू होत नाही. जामसंड्याहून मेकॅनिक येईपर्यंत अर्धा दिवस जातो आणि उतारावर गाडी ढकलण्याचे माझे वय राहिलेले नाही. जंप स्टार्टर घ्यावा काय? (देवगड तालुका)

उत्तर : घ्यायला हरकत नाही, परंतु त्याआधी दहा नंबरचा पाना घ्यावा, असे आम्ही सुचवू. गाडी बंद करून किल्ली काढली तरी तिच्यातील घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, चोरीचा इशारा देणारी यंत्रणा आणि संगणक थोडी थोडी वीज घेतच राहतात. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर इतकी वीज जाते. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे महिन्याभरात ती पूर्ण रिकामी होते, आणि गाडी सुरू न होण्याइतकी अशक्त तर त्याच्या बरीच आधी होते. शिवाय दमट, उष्ण हवेत बॅटरी आपली आपणही उतरते. डॅशकॅमेरा सतत चालू राहील असा जोडलेला असेल, तर आठवडाही पुरे होतो. तेव्हा आपल्या गाडीत बिघाड आहेच असे समजण्याचे कारण नाही; ती नुसती उभी राहून उपाशी पडते आहे.

मुलगा परत जाताना त्याने बॅटरीची ऋण, म्हणजे काळी वायर सोडून ठेवली, तर निम्मा प्रश्न सुटतो. मात्र वायर सोडल्यावर रिमोटने दार उघडत नाही, म्हणून किल्ली आत राहू देऊ नये. रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली कोठे आहे आणि तिने दार उघडते की नाही, हेही आधी तपासावे. समुद्राकाठी महिनोन्‌महिने न वापरलेले कुलूप अडून बसलेले आढळणे नवे नाही. खळ्यापर्यंत वीज आणता येत असेल, तर बॅटरी भरल्यावर आपोआप थांबणारा लहान चार्जर जोडून ठेवणे त्याहूनही चांगले.

याचे कारण असे की शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. जंप स्टार्टर तिला सुरू होण्यापुरता धक्का देतो. तिला बरे करत नाही. दर दोन महिन्यांनी असा धक्का देऊन गाडी चालवण्याची सवय लागली, तर बॅटरी लवकरच बदलावी लागेल आणि दोष बिचाऱ्या बॅटरी विकणाऱ्याला दिला जाईल. गाडी सुरू झाल्यावर ती निदान अर्धा-पाऊण तास तरी रस्त्यावर चालवावी. जागेवर इंजिन घुरघुरत ठेवून अल्टरनेटर फारसे काही भरून देत नाही, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी पूर्ण भरायची, तर चार्जरवर कित्येक तास ठेवावी लागते.

प्रश्न : दुकानात एका खोक्यावर १२,००० मिलिअँपिअर-अवर आणि १००० अँपिअर, तर दुसऱ्यावर २०,००० आणि २००० असे आकडे होते. आमच्या निवास-न्याहारीच्या व्यवसायासाठी डिझेलवर चालणारी मोठी गाडी आहे. या आकड्यांतून काय समजावे? (गुहागर)

उत्तर : हे दोन आकडे दोन वेगळ्या गुणांचे आहेत. पहिला आकडा पोटात किती मावते ते सांगतो, तर दुसरा एका क्षणी किती जोर लावता येतो ते. मिलिअँपिअर-अवरचा आकडा आतल्या एकेका सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणून त्याचे वॉट-अवर करून पाहावेत. १२,००० चे ४४.४ वॉट-अवर होतात आणि २०,००० चे ७४. आता तुलना करा. ३५ अँपिअर-अवरची गाडीची बॅटरी १२ व्होल्टवर ४२० वॉट-अवरची होते, म्हणजे हातातले यंत्र तिच्या दहाव्या हिश्श्याएवढे. मग ते गाडी सुरू कसे करते? लहान पेट्रोल इंजिन फिरवायला स्टार्टर मोटर १५० अँपिअर घेते आणि इंजिन दोन सेकंदांत पेटते असे धरले, तर खर्च एक वॉट-अवरही होत नाही. ५००० मिलिअँपिअर-अवरच्या मोबाइलमध्ये मात्र १९ वॉट-अवर मावतात. म्हणजे एक मोबाइल पूर्ण भरण्यास जेवढी वीज लागते, तिच्या विसाव्या हिश्श्यात गाडी सुरू होते. गाडीला वीज थोडीच लागते. ती एकदम, जोराने लागते, इतकेच.

खोक्यावर ठळक छापलेले अँपिअर बहुतेक वेळा ‘पीक’, म्हणजे क्षणभराच्या कमाल प्रवाहाचे असतात. सलग दोन-तीन सेकंद टिकणारा प्रवाह त्याहून बराच कमी असतो आणि तो आत पुस्तिकेत बारीक अक्षरांत दिलेला असतो. आपण तोच पाहावा. डिझेल इंजिनात दाब अधिक असल्यामुळे ते फिरवायला पेट्रोल इंजिनापेक्षा पुष्कळ जास्त प्रवाह लागतो, म्हणून किती लिटरच्या डिझेल इंजिनापर्यंत हे यंत्र चालेल, असे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेले असेल तेच घ्यावे, आणि आपल्या गाडीच्या इंजिनापेक्षा एक पायरी वरचे घ्यावे. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला आणि तिच्यातील सेलला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तो मानकचिन्हाचा शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक खोक्यावर नव्हे, तर यंत्रावर शोधावा. आकडे अवाढव्य आणि वजन मात्र हाताला लागत नाही, असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी दुकानातच ठेवावे.

प्रश्न : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या वाडीत बरेच दिवस वीज नव्हती आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी लोक गाड्यांकडे धावत होते. मी शिक्षिका आहे, घरी सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. एकाच जंप स्टार्टरवर मोबाइल, इंटरनेटचा राउटर, दिवा आणि वाफेचे यंत्र, असे सगळे निभावेल का? (दापोली तालुका)

उत्तर : निभावते, परंतु नेमके याच ठिकाणी हे उपकरण माणसाला फसवते. ज्या कामासाठी आपण ते घेतो त्या कामासाठी ते भरलेले असावे लागते, आणि पॉवर बँक म्हणून वापरले की ते रिकामे होते. लिथियमचे सेल निम्म्याखाली उतरले की मोठा प्रवाह देताना त्यांचा व्होल्टेज कोसळतो. त्यामुळे दिवे ‘अजून दोन काड्या शिल्लक’ असे दाखवत असतानाही इंजिन फिरत नाही. हे सदर लिहिणाऱ्यावर हा प्रसंग परशुराम घाटाच्या पायथ्याशी ओढवला आहे. भाच्याने वाटेत त्याच यंत्रावर दोन मोबाइल भरून घेतले होते आणि उरलेल्या विजेवर फक्त त्याचा टॉर्च लागला. त्या टॉर्चच्या उजेडात आम्ही मालवाहू टेंपो थांबवला. तेव्हापासून आमच्या घरी जंप स्टार्टर गाडीचा आणि साधी पॉवर बँक माणसांची, अशी वाटणी आहे. आपणही तशीच करावी. साधी २०,००० ची पॉवर बँक जंप स्टार्टरपेक्षा स्वस्त पडते.

तरीही अडचणीच्या वेळी किती चालेल, हे आधी ठाऊक असलेले बरे. ४४ वॉट-अवरच्या यंत्रातून, वाटेतली घट वजा जाता, आजचा एक मोबाइल दीड-पावणेदोन वेळा भरेल. राउटर आणि फायबरची पेटी मिळून १० वॉट घेत असतील, तर साडेतीन-पावणेचार तास चालतील. मात्र काही राउटर १२ व्होल्टचे, तर काही ९ व्होल्टचे असतात, आणि गोल पिन आत गेली म्हणजे जुळली असे होत नाही. राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अधिक-उणेचे चिन्ह वाचल्याखेरीज जंप स्टार्टरची १२ व्होल्टची वायर त्याला लावू नये. वादळानंतर इंटरनेटची वायरच तुटलेली असते, हे वेगळे. युएसबीवरचा लहान दिवा रात्रभर सहज पुरतो.

वाफेच्या यंत्राचा विचार स्वतंत्रपणे करावा. घरोघरी असलेला कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर २३० व्होल्टवर चालतो आणि बहुतेक जंप स्टार्टरमधून तशी वीज निघतच नाही. युएसबीवर चालणारे लहान मेश नेब्युलायझर मिळतात, परंतु सासूबाईंचे औषध त्यातून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असणाऱ्यांनी तर या उपकरणाचा विचारच मनात आणू नये. ते यंत्र साधारण ३०० वॉट आणि त्याहूनही अधिक खाते. ४४ वॉट-अवर त्याला दहा मिनिटेही पुरणार नाहीत. त्यासाठी इन्व्हर्टर, भरलेला सिलिंडर आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता यांची तजवीज आधीच हवी. आणि वादळाचा इशारा मिळताच घरातील प्रत्येक बॅटरी भरून घ्यावी. वारा सुटल्यावर वीज प्रथम जाते.

प्रश्न : हे जोडताना ठिणगी पडून बॅटरीचा स्फोट होतो, असे ऐकले. मला गाडी चालवता येते, पण बॉनेट उघडून हात घालण्याची भीती वाटते. जोडण्याची रीत सांगावी. (अलिबाग)

उत्तर : भीती अगदीच निराधार नाही. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने तो पेटू शकतो. म्हणूनच बॅटरी फुगलेली, तडकलेली वा गळत असेल, तर तिला हातच लावू नये. बॅटरी धड असेल, तर प्रथम गाडीचे दिवे, पंखा, गाणी सारे बंद करून किल्ली काढावी आणि टर्मिनल निरखावेत. आपल्याकडे खाऱ्या, दमट हवेने टर्मिनल चांगलेच गंजतात आणि त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. बॅटरी भरलेली असूनही केवळ त्या पुडीमुळे किंवा सैल झालेल्या नटामुळे सेल्फ मारल्यावर नुसते ‘कट-कट’ होते, आणि जंप स्टार्टरचा चिमटाही त्या पुडीवर नीट धरत नाही. वायरी सोडून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुन्या ब्रशने ती काढावी, कोरडे करून नट आवळावा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. आलेल्या दर तीन पत्रांतील एका गाडीला एवढाच उपाय पुरला असता, असा आमचा अंदाज आहे.

मग लाल चिमटा धन टर्मिनलला आणि काळा चिमटा ऋण टर्मिनलला, किंवा पुस्तिकेत तसे सांगितले असल्यास इंजिनाच्या उघड्या, न रंगवलेल्या धातूला लावावा. चिमटे लावताना यंत्र बंद असावे. चांगल्या यंत्राच्या चिमट्यावर जोडणी बरोबर असल्यास हिरवा दिवा लागतो. तांबडा दिवा लागला वा शिट्टी वाजली, तर वायरी उलट लागल्या आहेत. तसे असूनही सेल्फ मारण्याचा मोह झाला, तर फ्यूज जाण्यापासून गाडीचा संगणक जळण्यापर्यंत काहीही होऊ शकते. हिरवा दिवा दिसल्यावर तीन ते पाच सेकंदच सेल्फ मारावा. सुरू न झाल्यास मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा, तीनदा प्रयत्न फसल्यास थांबावे. गाडी सुरू होताच आधी काळा आणि मग लाल चिमटा काढावा आणि पंख्याच्या पट्ट्यापासून पदर, ओढणी व केस जपावेत.

बॅटरी अगदीच मेलेली असेल, तर चिमट्याला ती तेथे आहे हेच कळत नाही आणि हिरवा दिवा लागत नाही. अशा वेळेसाठी ‘बूस्ट’ वा ‘ओव्हरराइड’ नावाचे बटण असते. ते दाबले की उलट जोडणीपासून मिळणारे संरक्षणही बंद होते, म्हणून ते बटण आपण तूर्त नाही असेच समजावे. सेल्फ मारल्यावर इंजिन जोमाने फिरते, पण पेटत नाही, असे असेल तर दोष बॅटरीचा नसून इंधनाचा वा ठिणगीचा आहे. तेथे जंप स्टार्टरचा उपयोग नाही.

प्रश्न : माझ्या नव्या स्कूटरला किक नाही. जंप स्टार्टर तिला चालेल का? शेजाऱ्यांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीला? (सावंतवाडी)

उत्तर : स्कूटरची बॅटरी लहान असली, तरी १२ व्होल्टचीच असते आणि मोटर आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेते, म्हणून चालते. अडचण जागेची आहे. पायाखालच्या वा सीटखालच्या खोबणीत ते मोठे चिमटे एकमेकांना टेकण्याचा धोका असतो, म्हणून एक चिमटा पक्का बसल्याची खात्री करून मगच दुसरा लावावा. १ एप्रिल २०२० पासून नव्या दुचाकींना बीएस-६ निकष लागू झाल्यावर त्यांत बहुशः इंधन-इंजेक्शन आले आहे. त्यामुळे किक असलेली दुचाकीसुद्धा बॅटरी साफ मेली असल्यास सुरू होईलच असे नाही, कारण इंधनाचा पंपही त्याच बॅटरीवर चालतो. ६ व्होल्टच्या जुन्या दुचाकीला मात्र हे यंत्र लावू नये. विजेच्या मोटारीतही दिवे, कुलपे व संगणकासाठी निराळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की चालवण्याची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म राहते. तेथे पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जंप स्टार्टर लावता येतो. नारिंगी वायरींना हात लावू नये.

प्रश्न : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होडी काढताना इंजिनाची बॅटरी उतरलेली असते. समुद्रातही कामी येईल म्हणून जंप स्टार्टर घेण्याचा विचार आहे. (हर्णै)

उत्तर : प्रथम आपल्या इंजिनाची यंत्रणा १२ व्होल्टची आहे की दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची, हे पाहावे. मोठ्या डिझेल इंजिनांवर २४ व्होल्ट सर्रास असतात, ट्रक-बसप्रमाणेच, आणि त्यांना गाडीचा १२ व्होल्टचा जंप स्टार्टर लावल्यास तो जळतो, क्वचित पेटही घेतो. यंत्रणा १२ व्होल्टची असल्यास किनाऱ्यावर तो उपयोगी पडेल. मात्र इंजिनाच्या कप्प्याचे झाकण उघडून हवा खेळू दिल्यावरच चिमटे लावावेत, कारण बंद जागेत बॅटरीचा वायू साचतो, आणि पेट्रोलची मशीन असेल तर तिची वाफही तळाशी बसते.

समुद्रात मात्र त्याच्या भरवशावर जाऊ नये. खारे पाणी चार्जिंगच्या खाचेत गेले की ते उपकरण संपते, आणि किनारा दिसत नसताना तिसऱ्या प्रयत्नाला ते गप्प झाले तर पुढे काय करायचे? त्यापेक्षा इंजिनाची बॅटरी फक्त इंजिनासाठी राखावी आणि जीपीएस, मासे शोधण्याचे यंत्र, वायरलेस आणि दिवे दुसऱ्या बॅटरीवर घ्यावेत. रात्री दिवे जळत राहिले, तरी पहाटे इंजिन सुरू होईल. बंदीच्या काळात बॅटऱ्या होडीतून काढून घरी आणाव्यात, पूर्ण भरून पडवीत ठेवाव्यात आणि दर महिन्याला एकदा चार्ज कराव्यात. जंप स्टार्टर ज्या खर्चात येईल, त्यातील बराचसा भाग दुसऱ्या बॅटरीकडे वळवावा, हे आमचे मत.

प्रश्न : पुराचे पाणी गाडीत शिरून बॅटरी बंद पडल्यास जंप स्टार्टरने गाडी बाहेर काढता येईल का? (चिपळूण)

उत्तर : नाही. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आपण पाहिलेला आहे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल, तर ते दाबले जात नाही आणि सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी ढकलून किंवा ओढून न्यावी. तिची काळी वायर सोडावी, विमा कंपनीला कळवावे आणि मेकॅनिकने पाणी काढेपर्यंत किल्ली फिरवूही नये.

प्रश्न : चिपी किंवा मोपा विमानतळावरून जाताना हे यंत्र सामानात नेता येते का? (कणकवली)

उत्तर : चेक-इन सामानात अजिबात नाही. पॉवर बँक हातातील सामानातच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. मात्र काही कंपन्या जंप स्टार्टर कोणत्याही आकाराचा असला तरी नेऊ देत नाहीत, म्हणून तिकीट काढतानाच विचारावे. वॉट-अवरचा आकडा यंत्रावर छापलेला नसेल, तर तपासणीत ते काढून घेतले जाण्याची शक्यता मोठी. आमच्या मते ते गाडीबरोबरच प्रवास करू द्यावे.

प्रश्न : यंत्र गाडीतच ठेवावे का? माझे एका उन्हाळ्यात फुगले. (मालवण)

उत्तर : मे महिन्यात उन्हात उभ्या, बंद गाडीत तापमान ६० अंशांपर्यंत चढू शकते आणि लिथियमच्या सेलला ते सोसत नाही. म्हणून ते घरात, फडताळातल्या सुक्या, गार जागी ठेवावे आणि बाहेर पडताना किल्ली-पाकिटाबरोबर उचलावे. ठेवलेल्या जागेवरून उचलायचे राहते, ही तक्रार खरी आहे. आम्ही ते गाडीच्या किल्लीच्या खुंटीलाच पिशवीत टांगतो. दर दोन-तीन महिन्यांनी तपासून भरावे. पावसाळ्यात चिमट्यांना गंज चढू नये म्हणून ते पुसून कोरडे करावेत आणि पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी.

आपले फुगलेले यंत्र मात्र पुन्हा चार्जिंगला लावू नये, टोचू वा दाबू नये. ते जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर, घराबाहेर, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी ठेवावे. कचऱ्याच्या गाडीत किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात ते गेले, तर तेथे चिरडून पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा पावती घेऊन ज्या दुकानातून ते घेतले तेथे चौकशी करावी, किंवा उत्पादकाच्या ग्राहक सेवेकडे सर्वांत जवळच्या संकलन केंद्राचा पत्ता मागावा.